सिक्युरिटीतली पहिली नोकरी: सॉक, व्हीएपीटी की ऑडिट? तीन ऑफर आहेत, सल्ला हवा

अर्धवट_अभियंता

नमस्कार मंडळी. संगणक शाखेची बी.ई. आणि त्यावर पुण्यात सी-डॅकचा डिटिस (सायबर सुरक्षेची पदविका), एवढं शिक्षण. तीन ऑफर आल्यात, आठवड्याभरात होकार कळवायचाय. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळतो.

पहिली: ऐरोली, इतर कंपन्यांना सॉक (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणारं केंद्र) चालवून देणारी कंपनी. पद सॉक अ‍ॅनालिस्ट एल-१ (पहिली पायरी, वर एल-२), चोवीस तास फिरती पाळी. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ४ लाख २० हजार, त्यात १० टक्के व्हेरिएबल. दोन वर्षांचा बाँड, दीड लाखाचा.

दुसरी: बाणेर, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या पॅनेलवरची छोटी फर्म. काम व्हीएपीटीचं (परवानगीने हल्ला करून कच्चे दुवे शोधणं, म्हणजेच पेंटेस्टिंग). ३ लाख ६० हजार, व्हेरिएबल नाही, बाँड नाही, सहा महिने प्रोबेशन.

तिसरी: गोरेगाव, मोठी कन्सल्टिंग फर्म, आयटी ऑडिट आणि जीआरसी (जोखीम आणि नियमपालनाची तपासणी). ५ लाख. क्लायंटकडे फिरावं लागेल.

घर सिंहगड रस्त्याला. दोन-तीन वर्षांनी इन्सिडेंट रिस्पॉन्समध्ये (हल्ला झाल्यावरचा तपास आणि बंदोबस्त) जायचं मनात आहे. बॅचमधले म्हणतात की सॉकमध्ये नुसती तिकिटं बंद करायची, खरी मजा पेंटेस्टिंगमध्ये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भडंग

जागा पकडून ठेवतो. धाकटा भाऊ याच वाटेवर आहे.

हिशेबी

सीटीसीच्या आकड्यांची तुलना करू नका, हातात काय पडतं ते काढा.

पहिली ऑफर. ४,२०,००० मधले व्हेरिएबलचे ४२,००० आधी बाजूला काढा, मिळाले तर मिळाले. कंपनीचा पीएफचा वाटा १५,००० च्या मर्यादेवर धरला तर महिना १,८००, म्हणजे वर्षाला २१,६००. बेसिक निम्मं असेल तर २,१०,००० वर ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी १०,१००. विम्याचा हप्ता बऱ्याच कंपन्या सीटीसीतच घुसवतात, सहा हजार धरा. उरले ३,४०,०००, महिन्याला २८,३००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात २६,३००. नव्या करपद्धतीत या पगारावर प्राप्तिकर शून्य.

दुसरी. ३,६०,००० वजा २१,६०० वजा ग्रॅच्युइटी ८,६५०. महिन्याला २७,५००, कापून हातात २५,५००. विमा सीटीसीबाहेर आहे असं धरलंय, ते विचारून घ्या.

वर्षाला साठ हजारांचा दिसणारा फरक महिन्याला आठशे रुपयांवर आला. ऐरोलीला खोली घेतलीत की तोही उलटा फिरला.

पीएफ १५,००० वर न कापता पूर्ण बेसिकवर कापला तर हे आकडे थोडे खाली येतील. तिसऱ्या ऑफरच्या पाच लाखांत जॉइनिंग बोनस मिळवलाय का बघा. तो दुसऱ्या वर्षी गायब होतो आणि वर्षाच्या आत सोडलंत तर परत मागतात. तिन्ही ठिकाणांहून पगाराची फोड असलेलं अ‍ॅनेक्शर मेलवर मागून घ्या. "एचआर फोनवर म्हणाले" याला काही किंमत नाही.

लॉगलुहार

पदाच्या नावावर आणि शाखेवर फार अडकू नका. पहिल्या नोकरीत दोनच गोष्टी बघायच्या: कच्च्या पुराव्याला रोज तुमचा हात लागतो का, आणि तुमचं काम तुमच्यापेक्षा जाणता माणूस तपासतो का. बाकी सगळं यानंतर.

सॉकचं सांगतो. मुलाखतीत विचारा, "एल-१ ला सीएममध्ये स्वतः क्वेरी मारता येते का, की फक्त तिकीट दिसतं?" सीएम (SIEM) म्हणजे सगळ्या यंत्रांचे लॉग, म्हणजे नोंदी, एका जागी आणणारं साधन; स्प्लंक, सेंटिनेल, क्यूरडार, वाझू, काहीही असो, उत्तर तेवढंच महत्त्वाचं. फक्त तिकीट दिसणाऱ्या ठिकाणी दोन वर्षं काढली तरी हातात काही पडत नाही.

उदाहरणार्थ, एका विंडोज सर्व्हरवर पाच मिनिटांत ४६२५ चे चाळीस इव्हेंट, म्हणजे चाळीस फसलेले लॉगिन. तिकिटावर "ब्रूट फोर्स, मध्यम" एवढंच येतं. ज्याला लॉग दिसतात तो पुढे बघतो: चाळीस वेळा एकच युजर की चाळीस वेगळे? एकच असेल आणि स्रोत ऑफिसातला एखादा सर्व्हर असेल, तर बहुतेक वेळा पासवर्ड बदललाय आणि कुठल्यातरी शेड्यूल्ड टास्कमध्ये जुनाच पडून आहे. वेगवेगळे युजर, प्रत्येकी एकदोनच प्रयत्न, असं असेल तर पासवर्ड स्प्रे. मग त्याच स्रोताकडून ४६२४ आलाय का, म्हणजे कोणी आत शिरलंय का, आणि आला असेल तर त्यानंतर ४७२० (नवा युजर) किंवा ११०२ (लॉग पुसला) आहे का. यात नवखी मंडळी एका ठिकाणी हमखास फसतात. आरडीपीचा (दुरून संगणकात शिरायची विंडोजची सोय) लॉगऑन टाइप १० असतो हे पाठ असतं, म्हणून फक्त १० शोधतात आणि "आरडीपी नाही" असं लिहून मोकळे होतात. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (सत्र उघडण्याआधीच ओळख तपासणं) चालू असेल तर फसलेला प्रयत्न टाइप ३ म्हणून नोंदला जातो. ही चूक शेजारी बसलेला एल-२ पकडून देतो. म्हणून दुसरा प्रश्न: "बंद केलेल्या अलर्टची तपासणी कोण करतं, आणि किती टक्के?"

तिसरं, माणसं मोजा. आठवड्याचे तास १६८, एक माणूस भरतो ४०. चोवीस तास एक खुर्ची भरायला ४.२ माणसं, रजा-आजारपण धरून पाच. सहा जणांत "चोवीस तास सॉक" चालवतात असं म्हणाले तर ओळखा की रात्री तुम्ही एकटे.

चौथं, अलर्ट मोजा. आठ तासांतून हँडओव्हर आणि जेवणखाण वजा केलं की साडेसहा तास, म्हणजे ३९० मिनिटं उरतात. नीट बघायचं तर एका अलर्टला दहा ते पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे पाळीला २५ ते ४०. माणशी शंभराच्या वर अलर्ट असतील तर तिथे तपास होत नाही, "फॉल्स पॉझिटिव्ह" चिकटवून बंद करतात.

निशाचर

वरच्या माणसं मोजण्याला +१.

पाळीबद्दल विचारायचं ते असं. पाळी फिरते कुठल्या दिशेने? सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे फिरत असेल तर शरीर निभावून नेतं. रात्रीवरून दुपारी आणि तिथून सकाळी अशी उलटी फिरत असेल तर झोपेचा बोऱ्या वाजतो. किती दिवसांनी फिरते, रात्रपाळी संपल्यावर सुट्टी किती, रोस्टर किती दिवस आधी हातात येतं? नाइट अलाउन्स पाळीमागे किती, आणि तो सीटीसीच्या आत की बाहेर? आत असेल तर तो अलाउन्स नव्हे, तुमचाच पगार तुम्हाला परत.

"एवढ्या रात्री कशाला बसायचं" म्हणणाऱ्यांसाठी: पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ चा, वार शनिवार. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेवरून हाँगकाँगला आणखी रक्कम गेली, एकूण ९४ कोटींच्या वर. चोर शनिवार-रविवार बघूनच येतात. शिवाय सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, मग ती पहाटे तीनला का लक्षात येईना.

मुलींसाठी: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत काम द्यायचं तर संमती लागते आणि ने-आण व सुरक्षेची सोय कंपनीने करायची असते. गाडी दारापर्यंत येते की मुख्य रस्त्यावर सोडते, हे जॉइन होण्याआधी विचारा.

बर्पवाली

व्हीएपीटीची बाजू मांडते, पण "खरी मजा" वगैरे जरा बाजूला ठेवू. भारतात व्हीएपीटीच्या नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. एक, स्कॅनर लावायचा, निकाल वर्डच्या साच्यात ओतायचा, लोगो बदलायचा. दुसरा, हाताने तपासायचं. ऑफर लेटर दोन्हीचं सारखंच दिसतं.

फरक ओळखायला एकच प्रश्न: "दोन रोल असलेल्या मध्यम वेब अ‍ॅपला किती मॅनडे देता?" मॅनडे म्हणजे एका माणसाचा एक दिवस; पाच ते आठ म्हणाले तर ठीक. एक-दोन म्हणाले तर तिथे नेससचा स्कॅनर चालवण्यापलीकडे काही होणं शक्य नाही.

का, ते सांगते. समजा नेटबँकिंगमध्ये स्टेटमेंट मागताना रिक्वेस्टमध्ये खाते क्रमांक जातो. तो बदलून शेजाऱ्याचा टाकला आणि सर्व्हरने निमूट शेजाऱ्याचं स्टेटमेंट दिलं, तर हा गंभीर दोष. स्कॅनरला तो सहसा सापडत नाही, कारण त्याच्या लेखी उत्तर २०० (म्हणजे "ठीक") आलं, सगळं आलबेल. हे खातं नक्की कुणाचं हे माणसालाच कळतं. त्यासाठी दोन टेस्ट युजर हवेत, प्रत्येक रोलने प्रत्येक स्क्रीन फिरायला हवी, आणि एकाच्या सेशनमधून दुसऱ्याच्या रिक्वेस्ट मारून बघायला हव्यात. एवढं दोन दिवसांत होत नाही. निम्मा दिवस तर क्लायंटकडून व्हीपीएन आणि चालणारे पासवर्ड मिळवण्यात जातो.

आणखी विचारा: बर्प प्रोफेशनल या वेब तपासणीच्या साधनाचा परवाना तुमच्या नावाने मिळणार की चौघांत एक, की कुठूनतरी आणलेली क्रॅक? क्रॅक वापरणारी सिक्युरिटी फर्म दिसली तर तिथून काढता पाय घ्या. रीटेस्ट कोण करतं? नावं झाकलेला एखादा नमुना रिपोर्ट दाखवतात का? त्यात पुन्हा करून बघता येतील अशा पायऱ्या आणि रिक्वेस्ट-रिस्पॉन्स हवेत. नुसतं "इनपुट व्हॅलिडेशन करावे" अशी शिफारस असेल तर काय ते समजा.

आणि ही गोष्ट सोडू नका: लेखी परवानगीशिवाय एकही पॅकेट पाठवायचं नाही. आयपी किंवा यूआरएलची यादी, तारखा, वेळ, संपर्काचा माणूस आणि क्लायंटच्या अधिकाऱ्याची सही. "सेल्सवाल्याने मेलवर हो म्हटलंय" हे चालत नाही. आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली विनापरवाना प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे, आणि कीबोर्ड तुमच्या हाताखाली असतो, सेल्सवाल्याच्या नव्हे.

नोंदवही

जीआरसी म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून लिहितोय. सेबीचा सीएससीआरएफ (सायबर सुरक्षेची चौकट) ऑगस्ट २०२४ मध्ये आला, रिझर्व्ह बँकेची चौकट २०१६ पासून आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. या सगळ्यासाठी माणसं लागतात, आणि बहुतेक कामं दिवसाउजेडी होतात.

पण काम चांगलं की वाईट हे नमुना तपासण्यात कळतं. उदाहरण: वर्षात ४०० जण नोकरी सोडून गेले, त्यांची खाती वेळेत बंद झाली का? कच्चा ऑडिटर क्लायंटने दिलेल्या यादीतून २५ नावं उचलतो, तारखा जुळवतो, "समाधानकारक" लिहितो. पक्का ऑडिटर आधी विचारतो, ही यादी पूर्ण कशावरून? एचआरच्या सिस्टिममधून ती आपल्यासमोर काढायला लावतो, कंत्राटी लोक त्यात आहेत का बघतो (बहुधा नसतात, आणि घोळ तिथेच असतो), मग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतल्या लॉगिन खात्यांची यादी) खातं बंद झाल्याची तारीख शेवटच्या दिवसाशी ताडतो. खातं बंद, पण व्हीपीएनचं वेगळं लॉगिन चालूच, हेही सापडतं.

मुलाखतीत विचारा: पहिल्या सहा महिन्यांत मी कंट्रोल (सुरक्षेचे उपाय) तपासणार की क्लायंटला "एव्हिडन्स पाठवा" अशी स्मरणपत्रं लिहिणार? आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल आहेत. एक्सेलमध्ये ९३ ओळींना रंग द्यायला अभियंता लागत नाही.

इन्सिडेंट रिस्पॉन्सला जायचंय असं धागालेखक म्हणतायत. तसं असेल तर तिसरी ऑफर तुमच्या वाटेवर नाही, हे मीच सांगतो. जीआरसीतून तिकडे वळणं अवघड, उलट दिशेने सोपं.

शून्य_एक

एआय एल-१ खाऊन टाकणार आहे, आणि तुम्ही पोराला सॉकमध्ये ढकलताय?

लॉगलुहार

एखादा आयपी बदनाम आहे का ते तपासणं, फाइलचा हॅश (ठसा) शोधणं, युजरचा विभाग काढून तिकिटात भरणं, ही कामं सोअरच्या (ठरलेली कामं आपोआप करणारं साधन) प्लेबुकांनी आधीच खाल्लीत. त्यावर पोट असणाऱ्यांनी घाबरावंच. पण नियम कुठे खोटा वाजतो, कुठला लॉग येणंच बंद झालंय, हे बघून नियम सुधारणारा माणूस लागतोच. म्हणून आणखी एक प्रश्न: "एल-१ ने सुचवलेला बदल नियमात जातो का? गेल्या महिन्यात असे किती गेले?" उत्तर देताना चाचरले तर तुमची शंका तिथे खरी ठरेल.

आणि "सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट" म्हणून घेऊन युजर तयार करणं, पासवर्ड रिसेट, फायरवॉलवर पोर्ट उघडणं असल्या तिकिटांवर बसवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. एआयपेक्षा त्यांची भीती जास्त बाळगा.

भडंग

बाँडबद्दल कोणी बोलेना. "कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर" असं सगळीकडे ऐकू येतं.

हिशेबी

अर्धवट माहिती. नोकरी सोडल्यावर "स्पर्धक कंपनीत जाऊ नका" ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ काम करा, नाहीतर भरपाई द्या, ही वेगळी गोष्ट. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. ती सरकारी बँक, भरती-प्रक्रियेचा खर्च तिथे विचारात घेतला गेला, तेव्हा तुमच्या कंपनीला तोच न्याय लागेलच असं नाही. कलम ७४ खाली भरपाई वाजवी हवी, ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा. तरी "टिकतच नाही" म्हणून सही ठोकणं म्हणजे जुगार.

व्यवहारात कोर्टापेक्षा रिलिव्हिंग लेटर अडवून ठेवतात, आणि पुढच्या कंपनीची पडताळणी तिथेच अडते. म्हणून वाटाघाट सहीच्या आधी करा: रक्कम दरमहा घटत जाणारी हवी (दीड लाखाला २४ ने भागलं की महिन्याला ६,२५० कमी), कंपनीने काढून टाकलं तर बाँड रद्द, आणि कुठल्या प्रशिक्षणापोटी दीड लाख ते लेखी. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात द्यायची नाहीत. सही केलेला कोरा चेक तर मुळीच नाही. बाँडसाठी त्यांना दावा लावून नुकसान दाखवावं लागतं, चेक परतला की कलम १३८ चं फौजदारी प्रकरण तुमच्या मागे लागतं.

नोटीस पीरियडही बघा, कायम झाल्यावर बऱ्याचदा ९० दिवस असतो. आणि "कंपनीबाहेर कुठलंही काम नाही" या कलमात बग बाउंटी (दोष शोधून मिळणारं बक्षीस) येते का ते विचारून घ्या.

अर्धवट_अभियंता

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. उत्तरं:

ऐरोली: टीम ११ जणांची, प्रत्येक पाळीला दोघं. एल-१ ला सीएममध्ये शोधता येतं, नियम बदलता येत नाही, सुचवता येतो. मागच्या महिन्यात चार बदल गेले म्हणाले, नियमांची नावंही सांगितली. पाळीला माणशी ४५ ते ५० अलर्ट. बंद केलेल्यांपैकी दहा टक्के एल-२ तपासतो. पाळी आठवड्याने पुढे फिरते. अलाउन्स सीटीसीबाहेर, रात्रीमागे ३००.

बाणेर: वेब अ‍ॅपला "सहसा दोन दिवस". बर्पचे परवाने दोन, माणसं सात. नमुना रिपोर्ट दाखवायला नकार.

गोरेगाव: पहिलं वर्ष एका बँकेच्या एव्हिडन्स ट्रॅकिंगवर.

बर्पवाली

बाणेर सोडा. सात जणांत दोन परवाने आणि दोन दिवस, हा पहिला धंदा आहे. व्हीएपीटीची आवड असेल तर बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरच्या मोफत लॅब रात्री सोडवत बसा, तिथे जास्त शिकाल.

निशाचर

पाळीला दोघं म्हणजे किमान दहा, ते अकरा आहेत. काठावर, पण रात्री एकटं बसावं लागणार नाही. दोघं एकदम रजेवर गेले की बारा तासांची पाळी लागेल, तिचे पैसे की बदली सुट्टी ते विचारा.

नोंदवही

माझं मत वेगळं. हातातला पगार आणि नाव बघितलं तर गोरेगाव अजूनही वाईट नाही, वर्षभराने आत बदली मागता येते. पण एव्हिडन्स ट्रॅकिंगचं एक वर्ष म्हणजे कंटाळा पक्का.

लॉगलुहार

५० अलर्ट जास्त आहेत, पण नियमांची नावं सांगता येणारा सॉक सोडू नका. पहिले तीन महिने स्वतःची वही ठेवा: कुठला नियम किती वेळा वाजला, त्यातले खरे किती. सर्वात गोंगाटी पाच नियमांवर सुचवण्या द्या. ५० चे ३५ करणारी माणसं तीच असतात, आणि एल-२ च्या मुलाखतीत ती वहीच कामाला येते. क्लायंटचा आयपी, युजर, होस्टचं नाव त्यात उतरवायचं नाही, फक्त नियम आणि आकडे.

सर्टिफिकेटवर आत्ता पदरचे पैसे घालू नका. ओएससीपी ही पेंटेस्टिंगची पावणेचोवीस तासांची परीक्षा, तुमच्या वाटेला ती आत्ता लागत नाही. एचआरच्या चाळणीसाठी सिक्युरिटी प्लस पुरे, तीही कंपनी पैसे देत असेल तर. मात्र त्या पैशांवर नवा बाँड चिकटत नाही ना, ते बघा.

अर्धवट_अभियंता

ऐरोलीकडे कल झालाय. बाँड दरमहा घटता करायला एचआर "पॉलिसीत नाही" म्हणतायत.

हिशेबी

एचआरला पॉलिसी बदलता येत नाही, मॅनेजरला अपवाद मागता येतो. ज्याने मुलाखत घेतली त्याला मेल करा, एचआरला सीसी ठेवा, तीनच ओळी: ऑफर मान्य आहे, अमुक तारखेला रुजू होऊ शकतो, बाँडची रक्कम दरमहा ६,२५० ने घटती करावी आणि कंपनीने सेवा संपवल्यास ती लागू नसावी. घटती मिळाली नाही तर दोनाचं एक वर्ष मागा. दोन्हीला नकार आला तरी कंपनीने काढल्यास बाँड नाही, एवढं वाक्य तरी लेखी घ्या. तेही देत नसतील तर सही करू नका. बाकीच्या दोन ऑफरना ऐरोलीचं सही झालेलं पत्र हातात येईपर्यंत नकार कळवू नका.